‘१७ ज्वेल्स’ म्हणजे सतरा मौल्यवान खडे नव्हेत
आजोबांच्या पेटीतून निघालेल्या, तबकडीवरचे नाव पुसून गेलेल्या घड्याळावर ‘१७ ज्वेल्स’ एवढीच अक्षरे वाचता आली, की आत मौल्यवान खडे असणारच, असा समज वऱ्हाडातील खेडोपाडी अजूनही ऐकू येतो; दारव्ह्याच्या बाजारात असे घड्याळ घेऊन लोक थेट सोनाराकडे जातात. खडे माणकांचेच असतात, परंतु कृत्रिम. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्यूस्त व्हर्नुई यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीमुळे अशी माणके स्वस्तात तयार होऊ लागली आणि चाकांच्या आसांचे घर्षण व झीज कमी करण्यासाठी बसवली जाऊ लागली. त्यांची किंमत नगण्यच.

या आकड्यावरून कंपनीही कळत नाही, कारण चावीच्या घड्याळांत सतरा ही सर्रास आढळणारी संख्या होती. एचएमटीचे ‘जनता’सुद्धा सतराचेच. आतले यंत्र कोणाचे हे कळण्यासाठी मागचे झाकण घड्याळजीकडूनच उघडवावे (सुरीने नव्हे) आणि बॅलन्स व्हीलजवळ (सतत मागेपुढे फिरणाऱ्या चाकाजवळ) किंवा त्याखाली कोरलेले बारीक चिन्ह भिंगातून पाहावे. तेथे ‘एएस’ किंवा ‘एफएचएफ’ अशी अक्षरे दिसली, तर ती यंत्र पुरवणाऱ्या स्विस कारखान्याची समजावीत; तबकडीवरचे नाव वेगळेच असू शकते, कारण अनेक कंपन्या तयार यंत्रे विकत घेत असत.