पाळी गेल्यानंतरच्या हार्मोनच्या गोळ्या : मेडिकलमध्ये येण्याआधी वाचा

"माह्या जावेले ह्याच गोयीनं बरं वाटलं, मले बी तेच द्या." बाजाराच्या दिवशी असं सांगणाऱ्या दोन-तीन जणी तरी येतात. हातात कात्रीने कापलेला गोळ्यांच्या पत्त्याचा तुकडा, त्यावर नाव अर्धं तुटलेलं. कधी मुलाला पाठवतात, त्या बिचाऱ्याला गोळी कशाची तेही माहीत नसतं. मी गोळी देत नाही, एसटीची चक्कर वाया जाते, म्हणून हा कागद.

मी पहिला प्रश्न विचारते, "पिशवी, म्हणजे गर्भाशय, आहे की काढली?" आपल्याकडे पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बाया पुष्कळ. त्यांना डॉक्टर बहुधा नुसतं इस्ट्रोजेन हे एकच हार्मोन देतात. पिशवी असलेल्या बाईने तीच गोळी घेतली तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. तिला सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं औषध लागतं. म्हणजे जावेची गोळी जावेलाच बरी.

दुसरी भीती स्तनाच्या कॅन्सरची. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या 10,000 बायांमध्ये वर्षाला साधारण 38 जणींना हा कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत 30 जणींना. वाढ 8 ची. पिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायांमध्ये अशी वाढ दिसली नाही. जितकी जास्त वर्षं दोन्ही औषधं घ्याल तितका धोका वाढतो, म्हणून दरवर्षी डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवायचं. पण रात्री घामाने उशी भिजते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, अशा बाईने घाबरून औषध टाळावं, असंही मी म्हणणार नाही. स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, लिव्हरचा आजार असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टर. आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, लाजू नका.

गोळी सुरू केल्यावर काही आठवडे छाती भरल्यासारखी, दुखरी वाटू शकते. ते बहुधा कमी होतं. स्तनातली गाठ मात्र वेगळी. सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखत नाही, आणि "दुखत नाही ना" म्हणून बाया सोयाबीन निघेपर्यंत थांबतात. थांबू नका. बोंडातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तरी तसंच.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नागपूर, सेवाग्रामला होते. गोळ्या चालू असतील तर तिथे सांगा. दोन्ही औषधांच्या गोळ्यांनी स्तन फोटोत जास्त पांढरा दिसतो, गाठही पांढरीच, मग ओळखायला अवघड जातं. जुनी फिल्म सोबत न्या. त्या दिवशी छातीला, काखेला पावडर लावू नका, तिचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात.

"मेडिकलवाली बाई फार चौकशी करते," हे माझ्याही कानावर येतं. चौकशी करीनच. कायद्यानेही ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचा अख्खा पत्ता घेऊन या. दुपारी 2 ते 4 गर्दी नसते, काउंटरवर मी एकटीच असते, मोकळेपणी बोलता येतं. चिठ्ठीचा फोटो आधी पाठवला तर नसलेली गोळी मागवून ठेवते, म्हणजे दुसरी चक्कर लागत नाही.