यीस्टमध्ये विभाजन ‘संपलं’ हे ठरवतं कोण? थोडी पार्श्वभूमी

पेशीविभाजन म्हटलं की सगळ्यांचं लक्ष सुरुवातीकडे, डीएनएची कॉपी कधी होते, गुणसूत्रं कधी वेगळी होतात वगैरे. शेवटाकडे, म्हणजे पेशी मायटॉसिसमधून (गुणसूत्रं दोन भागांत वाटण्याच्या टप्प्यातून) बाहेर कधी पडते आणि मध्ये भिंत घालून दोघी सुट्या कधी होतात, याकडे बरीच वर्षं फारसं कुणी बघत नव्हतं. आणि गंमत अशी की त्यासाठी लागणारे जीन 1970 च्या आसपासच हाताशी आले होते, ते नक्की करतात काय हे कळायला मात्र जवळपास पंचवीस वर्षं गेली.

सुरुवात सिअ‍ॅटलला, वॉशिंग्टन विद्यापीठात. लेलंड हार्टवेलने पावाच्या यीस्टचे असे म्युटंट (एखादा जीन बिघडलेले प्रकार) जमवायला घेतले जे 23 डिग्रीला नीट वाढतात पण 36 ला नेले की पेशीविभाजनाच्या चक्रात एका ठराविक जागी अडकतात. हे यीस्ट मधोमध तुटत नाही, त्याला बाजूने कळी फुटते आणि ती मोठी होत जाते, त्यामुळे नुसता कळीचा आकार बघून पेशी चक्रात कुठे आहे ते सांगता येतं (हे फोटो काढून तपासायचं काम ब्रायन रीड नावाच्या पदवीच्या विद्यार्थ्याने सुरू केलं). पहिला पेपर 1970 चा. म्युटंटना सीडीसी (सेल डिव्हिजन सायकल, म्हणजे पेशीविभाजन चक्र) आणि पुढे नंबर, बस. त्यातल्या सीडीसी5, 14, 15 यांचं वागणं विचित्र होतं, गुणसूत्रं वेगळी झालेली, स्पिंडल (गुणसूत्रं ओढणारा तंतूंचा सांगाडा) लांब ताणलेला, कळी पूर्ण वाढलेली, म्हणजे सगळं झालंय आणि तरी पेशी तिथेच थांबलेली. दुसऱ्या गटात सीडीसी3, 10, 11, 12, यांच्यात केंद्रकं विभागत राहतात पण पेशी काही तुटत नाही. 1976 मध्ये बायर्स आणि गोएच यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कळीच्या मानेशी बारीक तंतूंचं कडं दिसलं, तेच आजचे सेप्टिन, या दुसऱ्या गटातल्या जीनांपासून बनणारी प्रोटीनं.

त्याच सुमाराला स्कॉटलंडमध्ये, एडिनबराला मर्डॉक मिचिसनच्या लॅबमध्ये पॉल नर्स फिशन यीस्टवर तसलंच काम करत होता. हे यीस्ट कांडीसारखं, मधोमध भिंत घालून तुटणारं. काही म्युटंटमध्ये भिंतच पडेना, एकाच पेशीत चार-चार आठ-आठ केंद्रकं. मग 1979 मध्ये उलटा म्युटंट मिळाला, सीडीसी16, तो एकामागून एक भिंती घालतच सुटतो. माझ्या मते खरा सुगावा इथेच होता, कारण काम सुरू करणारं आणि थोपवून धरणारं अशी दोन्ही बटणं आहेत हे त्यावरून दिसत होतं. पण ऐंशीच्या दशकात सगळी गर्दी सीडीसी28, सीडीसी2 (चक्र पुढे ढकलणारी सीडीके एन्झाइमं) आणि त्यांना चालू करणाऱ्या सायक्लिनच्या मागे. 2001 चं नोबेलही (हार्टवेल, नर्स, टिम हंट) मुख्यतः त्याच गोष्टीसाठी.

गाठ सुटली ती 1998-99 मध्ये. अमेरिकेत अँजेलिका आमोनच्या लॅबमध्ये रोझेला विसिंतिन वगैरेंनी दाखवलं की सीडीसी14 हे फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) मायटॉसिस संपवतं, मायटॉसिस चालू ठेवणाऱ्या सीडीके कायनेजने (फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमने) प्रोटीनवर जे फॉस्फेट चिकटवलेले असतात ते हे काढून टाकतं. पुढच्याच वर्षी आमोनच्या आणि कॅलटेकच्या रे देशायसच्या लॅबने वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली, की हे सीडीसी14 जवळपास सगळं चक्र केंद्रकातल्या न्यूक्लिओलस नावाच्या भागात डांबलेलं असतं आणि अ‍ॅनाफेजमध्येच (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात तेव्हा) सुटतं. 2002 मध्ये कळलं की आधी थोडंसंच सुटतं आणि मग पूर्ण, आणि ही दोन कामं वेगवेगळी नेटवर्कं करतात.

पण पूर्ण सोडायचं हे कळतं कसं? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. टेम1 नावाचं छोटं प्रोटीन स्पिंडलच्या टोकावर बसलेलं असतं, बब2 आणि बीएफए1 त्याला बंद ठेवतात. मदत करणारं एलटीई1 फक्त कळीत असतं, आणि किन4 नावाचं अडवणारं प्रोटीन (त्याचं हे काम 2005 मध्ये कळलं) मुख्यतः आईपेशीत, म्हणजे जिला कळी फुटते तिच्यात. म्हणजे स्पिंडलचं टोक कळीत शिरलं तरच सिग्नल पुढे जातो, नवरीने माप ओलांडल्याशिवाय पुढचं काही नाही तसं. टोक आईतच राहिलं आणि पेशी तुटली तर एकीकडे दोन केंद्रकं आणि दुसरी रिकामी, म्हणून ही सोय. अर्थात चित्र इतकं चकचकीत नाही, एलटीई1 काढून टाकलं तरी नेहमीच्या तापमानाला यीस्ट मजेत वाढतं, थंडीतच अडतं.

सिग्नल मिळाला की मानेशी अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या प्रोटीनांचं कडं आवळतं आणि कायटिन या चिवट पदार्थाची भिंत पडते. ती भिंत घालणारं सीएचएस2 एन्झाइमसुद्धा तोवर आत अडकवून ठेवलेलं असतं, सीडीकेचा जोर उतरल्याशिवाय मानेपर्यंत येत नाही. शेवटी एस2 हे प्रोटीन लेकीच्याच (कळीतून झालेल्या पेशीच्या) केंद्रकात जाऊन कायटिन खाणारं एन्झाइम बनवायला लावतं, म्हणजे सुटं होण्याचं हे काम लेक करते आणि वण राहतो आईवर. एस2 बिघडलं की पेशी चिकटूनच राहतात. 2012 मध्ये मिनेसोटात रॅटक्लिफ आणि ट्रॅविसानो यांनी पटकन तळाशी बसणारं यीस्ट रोज निवडत नेलं तर दोन महिन्यांत बर्फाच्या चांदणीसारखे पुंजके तयार झाले, त्यामागे एस2 मधलाच बिघाड होता हे नंतर कळलं.

फिशन यीस्टमध्ये याला समांतर नेटवर्क आहे, पण तिथला सीडीसी14 हा वेगळाच जीन, नंबर फक्त योगायोगाने जुळलाय, आणि नवखे यात हमखास गोंधळतात. मुंबईच्या टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) फिशन यीस्टमध्ये पेशी शेवटी तुटते कशी यावर काम चालतं. या साखळीतल्या काही कायनेजचे नातलग माशीत आणि माणसात हिप्पो पाथवे म्हणून अवयव किती वाढू द्यायचा ते ठरवतात. मात्र ‘माणसातही सीडीसी14 च विभाजन संपवतं’ असं कुठे वाचलंत तर सोडून द्या, आपल्याकडे ते काम बहुतांशी पीपी1 आणि पीपी2ए ही दुसरी फॉस्फेटेज करतात.