‘रिस्पेक्ट’ मसल शोल्समध्ये ध्वनिमुद्रित झाले नव्हते

अमेरिकी गायिका अरेथा फ्रँकलिनचे ‘रिस्पेक्ट’ हे गाणे अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथे ध्वनिमुद्रित झाले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही.

जानेवारी 1967 मध्ये अरेथा तेथील फेम स्टुडिओत आली होती, हे मात्र खरे. ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ची चाल काही केल्या वाद्यवृंदाच्या हाती लागत नव्हती. अखेर स्पूनर ओल्डहॅम यांना वुर्लिट्झर या विजेच्या पियानोवर ती संथ, थबकत पुढे सरकणारी सुरावट सापडली आणि गाणे उभे राहिले. पण त्याच दिवशी तिचे पती आणि एक वादक यांच्यात खटका उडाला, रात्री भांडण विकोपाला गेले आणि दुसरे गाणे अर्धवट टाकून ती परतली.

‘रिस्पेक्ट’ फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधील अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. गैरसमजाचे मूळ असे की, मसल शोल्सचे ड्रमवादक रॉजर हॉकिन्स, गिटारवादक जिमी जॉन्सन आणि ओल्डहॅम यांना त्यासाठी मुद्दाम न्यूयॉर्कला बोलावून घेण्यात आले होते. मधला सॅक्सोफोनचा तुकडा मात्र किंग कर्टिस यांचा आहे. मसल शोल्सजवळच्या शेफील्डमधील जॅक्सन हायवेवरच्या स्टुडिओला याचे श्रेय देणे तर सर्वस्वी चूक, कारण हॉकिन्स, जॉन्सन, डेव्हिड हूड आणि बॅरी बेकेट यांनी तो थाटला 1969 मध्ये. या वादकांचे मोठेपण जागेत नव्हे, त्यांच्या हातांत होते. म्हणूनच ते न्यूयॉर्कमध्येही तितकेच ऐकू येते.