कोडशीट भरायला देण्यापूर्वी: संशोधक विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

"बातम्या गोळा करून झाल्यात, दोनशेच्या आसपास आहेत, विश्लेषण किती दिवसांत मिळेल?" लघुशोधप्रबंधाचे दिवस जवळ आले की हा फोन आम्हाला दिवसातून तीन-चार वेळा येतो. उत्तर दर वेळी तेच असते, म्हणून या वर्षी ते छापून ठेवले आहे. बातम्या किती आहेत यावर दिवस ठरत नाहीत. बातम्या ज्यांत विभागायच्या ते तुमचे विषयवार वर्ग पक्के झाले आहेत का, यावर ठरतात.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या केंद्रात वृत्तपत्रांचे स्कॅनिंग, बातम्यांचे कोडिंग (प्रत्येक बातमी कोणत्या वर्गात बसते ते कोडशीटवर नोंदवणे), ती नोंद करणाऱ्या दोन कोडरांतील सुसंगतीची तपासणी आणि तक्ते अशी कामे होतात. केगावला विद्यापीठात जाणारे विद्यार्थी येतात, तसे पीएचडी करणारे प्राध्यापकही येतात. आशय विश्लेषण म्हणजे काय, हे तुम्हाला वर्गात शिकवलेले असते. बेरेल्सनची १९५२ ची व्याख्याही बहुतेकांना पाठ असते: प्रकट आशयाचे वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक वर्णन. अडते ते 'पद्धतशीर' या शब्दापाशी.

आधी पद्धतीबद्दल थोडेसे, कारण चुकीच्या पद्धतीसाठी आमच्याकडे आलेल्या माणसाला आम्ही परत पाठवतो. तुमचा प्रश्न 'किती' असेल, म्हणजे किती बातम्या, किती जागा, कोणत्या पानावर, कोणाचे म्हणणे किती वेळा छापले, तर आशय विश्लेषण घ्या. प्रश्न 'कोणत्या शब्दांत' असेल तर मोजणी पुरणार नाही. "पोलिसांनी गोळीबार केला" आणि "गोळीबार झाला" ही दोन वाक्ये कोडशीटच्या एकाच रकान्यात बसतात. पण दुसऱ्या वाक्यात गोळी झाडणारा गायब आहे. "पाणी सोडले नाही" आणि "पाणी आले नाही" यांतही तोच फरक आहे. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. त्या घटनेला कोणी 'शिक्षेची अंमलबजावणी' म्हणेल, कोणी 'हौतात्म्य'. तिथे वीस मजकूर बारकाईने वाचणे हे दोनशे मजकुरांच्या मोजणीपेक्षा जास्त सांगून जाते. हे काम संभाषित विश्लेषणाचे (डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस), म्हणजे फेअरक्लॉ किंवा व्हॅन डाइक या अभ्यासकांच्या वाटेचे. ते वाचन संशोधकानेच करायचे असते. आम्ही फार तर मजकूर स्वच्छ टाइप करून ओळींना क्रमांक घालून देऊ. मुलाखतींतून विषयसूत्रे काढायची असतील, म्हणजे ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेली थीमॅटिक पद्धत वापरायची असेल, तरीही तेच.

आता ज्या चुकीने तुमचे आणि आमचे सर्वांत जास्त दिवस जातात तिच्याकडे येऊ: कोडिंग सुरू झाल्यानंतर वर्ग बदलणे.

एका विद्यार्थ्याचा विषय होता शहराचा पाणीपुरवठा आणि स्थानिक दैनिके. त्याने वर्ग केले होते पाच: टंचाई व वेळापत्रक, महापालिका प्रशासन, राजकीय आरोप-प्रत्यारोप, नागरिकांचे आंदोलन आणि इतर. आमच्याकडे १४० बातम्या भरून झाल्या आणि त्याचा फोन आला. उजनीच्या समांतर जलवाहिनीचा वेगळा वर्ग करायचा ठरले आहे, एक रकाना वाढवून द्या. त्याला वाटले अर्ध्या तासाचे काम असेल. पण जलवाहिनीची बातमी तोपर्यंत तीन ठिकाणी गेली होती. काम रखडल्याची बातमी 'प्रशासन'मध्ये, त्यावरून झालेली पत्रकबाजी 'आरोप-प्रत्यारोपा'त, आणि जलवाहिनी झाली असती तर पाणी रोज आले असते असे सांगणारी बातमी 'टंचाई'त. कोडशीटवर बातमीचा क्रमांक असतो, अख्खी बातमी नसते. त्यामुळे १४० च्या १४० बातम्या पुन्हा उघडून वाचाव्या लागल्या. जुन्या तिन्ही वर्गांचे आकडे घसरले, म्हणजे आधी काढलेले तक्ते रद्द झाले. दोन कोडरांची सुसंगती जुन्या पाच वर्गांवर तपासली होती, तीही नव्याने करावी लागली. सहा दिवसांचे काम तेरा दिवसांवर गेले, आणि तो विद्यार्थी आमच्यावर नाराज झाला. त्याची तारीख चुकत होती, त्यामुळे त्याची नाराजी आम्हाला समजते. पण नवा वर्ग फक्त १४१ व्या बातमीपासून लावणे हा एकच झटपट मार्ग होता, आणि तसे केले असते तर पहिल्या भागातली आणि नंतरच्या भागातली मोजणी वेगवेगळ्या मापाची झाली असती. तसा तक्ता आम्ही कोणालाही देत नाही.

वर्ग बदलावेसे वाटतात, कारण ते वाचण्यापूर्वी केलेले असतात. सिनॉप्सिस लिहिताना चार शब्द सुचतात आणि तेच वर्ग होतात. म्हणून आमच्याकडे पहिले काम असते चाचणी कोडिंग. नमुन्याबाहेरच्या २५ ते ३० बातम्या घ्या. तुमचा कालखंड मे महिन्याचा असेल तर या बातम्या एप्रिलच्या असू द्या. तुम्ही आणि आमचा कोडर वेगवेगळे बसून त्या भरता. मग एकत्र बसून जिथे मतभेद झाले ती प्रत्येक बातमी काढायची आणि कोडबुकात, म्हणजे वर्गांच्या नियमांच्या वहीत, तिच्यासाठी नियम लिहायचा. 'आंदोलन' म्हणजे नुसते निवेदन देणेही धरायचे का? नगरसेवकाने घागर मोर्चा काढला तर तो 'आंदोलना'त की 'राजकीय'मध्ये? हे प्रश्न चाचणीत उगवले तर चहाच्या एका कपात सुटतात. १४० व्या बातमीवर उगवले तर आठवडा खातात.

दोन गोष्टी तेव्हाच तपासा. प्रत्येक बातमीला जागा असली पाहिजे आणि एकच जागा असली पाहिजे. चाचणीत दहापैकी एकापेक्षा जास्त बातम्या 'इतर'मध्ये जाऊ लागल्या तर आम्ही वर्ग परत करतो. दुसरी गोष्ट, एका रकान्यात एकच प्रश्न. 'प्रशासन', 'आंदोलन', 'टीकात्मक' अशी यादी आम्हाला दर वर्षी दिसते. पहिले दोन बातमीचा विषय सांगतात, तिसरा सूर सांगतो. आंदोलनाची बातमी टीकात्मकही असणारच, मग कोडरने खूण कुठे करायची? विषयाचा रकाना वेगळा करा, सुराचा वेगळा.

एवढे झाले की कोडबुक गोठवायचे. शेवटच्या पानावर तारीख आणि तुमच्या गाइडची सही. सही असल्याशिवाय आम्ही पहिला रकाना भरत नाही. यावरून काही जण चिडतात, पण ही अट आम्ही शिकत शिकत घातली आहे आणि ती तुमचेच रक्षण करते. व्हायवात "वर्ग कधी आणि कसे ठरवले?" हा प्रश्न हमखास येतो. सही-तारखेचे पान त्याचे उत्तर आहे.

दुसऱ्या कोडरचे पैसे वेगळे का, हेही विचारले जाते. एकाच माणसाने सर्व बातम्या भरल्या तर ते एका माणसाचे मत ठरते. निदान काही बातम्या दोघांनी स्वतंत्रपणे भरून त्यांचे किती जुळते ते दाखवावे लागते. होल्स्टीचे सूत्र सोपे आहे: दोघांचे जुळलेले निर्णय गुणिले दोन, भागिले दोघांचे एकूण निर्णय. पण त्यावर थांबू नका. समजा ३० बातम्यांचा सूर दोघांनी ठरवला. २५ बातम्या दोघांनाही 'तटस्थ' वाटल्या, एक दोघांनाही 'टीकात्मक' वाटली. उरलेल्या चारपैकी दोन फक्त पहिल्याला टीकात्मक वाटल्या आणि दोन फक्त दुसऱ्याला. जुळले २६, म्हणजे जवळजवळ ८७ टक्के. छान वाटते. आता योगायोगाने किती जुळले असते ते वजा करणारे कोहेनचे १९६० चे कापा काढा. दोघांनीही प्रत्येकी २७ तटस्थ आणि ३ टीकात्मक दिले आहेत, म्हणून नुसत्या योगायोगाने ८२ टक्के जुळणे अपेक्षितच होते. कापा येतो फक्त ०.२६. तुमचा खरा प्रश्न टीकात्मक बातम्यांचा, आणि नेमके तिथेच दोघांचे जुळत नाही, हे ८७ टक्क्यांनी झाकून टाकले होते. क्रिपेनडॉर्फ आपल्या अल्फा या अशाच मापासाठी ०.८०० ची पातळी सांगतात आणि ०.६६७ च्या खाली निष्कर्ष काढू नयेत म्हणतात. आमच्या अहवालात टक्केवारी आणि योगायोग वजा केलेला आकडा हे दोन्ही दिलेले असतात. आकडा कमी आला तर तो तसाच देतो आणि कोडबुकातला कोणता नियम ढिला आहे ते सांगतो.

नमुन्याबद्दल थोडक्यात. वर्षभराच्या दैनिकासाठी सलग चौदा अंक घेऊ नका. १ ते १४ जानेवारी घेतले तर सिद्धेश्वर यात्रेची तयारी, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचा गड्डा यांनीच पाने भरलेली मिळतील. ते वर्षाचे चित्र होत नाही. त्याऐवजी वर्षातल्या सर्व सोमवारांतून चिठ्ठी टाकून दोन सोमवार काढा, मंगळवारांतून दोन मंगळवार, असे रविवारपर्यंत. यांतून प्रत्येक वाराचा एक अंक मिळून जो होतो तो एक रचित आठवडा, असे इथे दोन होतात. रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी १९९३ मध्ये दाखवले की स्थानिक दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे पुरतात. चिठ्ठ्या आमच्यासमोर टाकल्या तरी चालेल, त्याचे पैसे नाहीत.

अंक पूर्ण आणा, कात्रणे नकोत. कात्रणात पान क्रमांक नसतो, शेजारची बातमी नसते, आणि मुख्य म्हणजे जे कापले नाही ते कायमचे गेलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या स्क्रीनशॉटवरून बातमीची जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही, कारण झूम केले की माप बदलते. ई-पेपरचे पूर्ण पान असेल तर बातमीने पानाचा किती टक्के भाग व्यापला ते आम्ही काढून देतो. मॅक्स वेबर यांनी १९१० मध्ये वृत्तपत्रांच्या अभ्यासाची योजना मांडली, तेव्हा सुरुवात कात्री आणि कंपास घेऊनच करावी लागेल असे सांगितले होते. आमच्याकडे कात्रीची जागा स्कॅनरने घेतली आहे, पण छापील अंकावर मोजपट्टी अजून हातानेच लावतो, कारण वाकडेतिकडे कॉलम हाताने मोजलेलेच बरोबर येतात.

"सॉफ्टवेअरमध्ये टाकून लगेच काढून द्या" असेही सांगितले जाते. शब्दांची वारंवारता आम्ही काढून देतो. पण मराठीत 'पाणी' हा शब्द 'पाण्याचा', 'पाण्यासाठी', 'पाणीपुरवठा', 'पाणीटंचाई' अशा रूपांत येतो आणि साध्या मोजणीत हे सगळे वेगळे शब्द ठरतात. उलट, "योजनेवर पाणी फिरले" किंवा क्रीडा पानावरचे "बलाढ्य संघाला पाणी पाजले" हे मात्र पाण्यात मोजले जाते. म्हणून रूपे एकत्र करणारी यादी हाताने करावी लागते आणि वाक्प्रचार हाताने वगळावे लागतात. ही यादी आम्ही तुम्हाला देऊन ठेवतो, पुढच्या संशोधनात कामी येते. जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. जोडाक्षरे आणि रफार तिथे हमखास तुटतात, त्यामुळे मुद्रितशोधनाचा एक दिवस धरून चाला.

निष्कर्षाचे प्रकरण आम्ही लिहून देत नाही. विचारणा होते, जास्त पैसेही देऊ केले जातात. तक्ता कसा वाचायचा हे आम्ही तुमच्याजवळ बसून हवे तितक्या वेळा समजावू, पण वाक्ये तुमची असली पाहिजेत.

पहिल्या भेटीला संशोधन प्रश्न, वर्गांचा कच्चा मसुदा, कालखंड आणि दोन-तीन पूर्ण अंक आणा. ही भेट मोफत आहे आणि साधारण तासभर चालते. वर्ग अजिबात सुचत नसतील तरी या, अशा वेळी आम्ही दहा बातम्या तुमच्यासोबत वाचतो आणि बहुतेकांना तिथेच सुचतात. कोडिंगचा दर बातमीमागे आहे, रकान्यांच्या संख्येप्रमाणे बदलतो आणि काम घेतानाच लिहून देतो. कोडबुक गोठवल्यानंतर वर्ग बदलल्यास आधी भरलेल्या सर्व बातम्यांचा दर पुन्हा लागेल. चाचणीच्या टप्प्यात कितीही वेळा बदला, त्याला जादा आकार नाही. मार्च-एप्रिलमध्ये गर्दी असते, तेव्हा चाचणी कोडिंग डिसेंबरात उरकून घेतलेल्यांचे काम आधी हाती घेतो. संक्रांतीच्या यात्रेत तीन दिवस केंद्र बंद असते.