.४४ ऑटो मॅग : पुंगळी मिळवणे आणि घडवणे

.४४ ऑटो मॅग (अमेरिकेत रूढ नाव .४४ एएमपी) हे स्वयंभरणी पिस्तुलासाठी तयार झालेले सरळ भिंतीचे काडतूस. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथील हॅरी सॅनफर्ड यांच्या ऑटो मॅग पिस्तुलासाठी ते बनले आणि १९७१ मध्ये ही पिस्तुले विक्रीला आली. मूळ कंपनीचे दिवाळे १९७२ मध्येच निघाले. पिस्तूल पुढे वेगवेगळ्या मालकांच्या हाताखाली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अधूनमधून निघत राहिले. इतक्या थोड्या पिस्तुलांसाठी काडतुसे काढत बसणे कोणत्याच मोठ्या कारखान्याला परवडणारे नव्हते. तरी हे काडतूस टिकले, कारण त्याची पुंगळी (दारू आणि गोळी धरून ठेवणारे पितळी नळकांडे) घरच्या कार्यशाळेत रायफलच्या पुंगळीपासून घडवता येते.

मान्यताप्राप्त मापांच्या यादीत नसलेल्या, कारखान्यात नियमित न बनणाऱ्या, हौशी कारागिरांनी दुसऱ्या काडतुसाची पुंगळी कापून, दाबून किंवा फुगवून तयार केलेल्या काडतुसाला ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. .४४ ऑटो मॅग या वर्गाच्या सीमेवर आहे. काही काळ त्याची तयार काडतुसे बाजारात होती, पण वापरणाऱ्यांना बहुतेक वेळा पुंगळीचा प्रश्न वाइल्डकॅटसारखाच सोडवावा लागला.

सॅनफर्ड यांना हवी होती .४४ मॅग्नमची ताकद. ते काडतूस १९५५ पासून प्रचलित होते, पण रिव्हॉल्व्हरसाठी. त्याच्या बुडाची कडा बाहेर आलेली असते. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्यात ती उपयोगी पडते. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे एकावर एक रचलेल्या पेटीत) मात्र एकाची कडा दुसऱ्याच्या कडेत अडकते. म्हणून बूड भिंतीबरोबरीचे आणि एक्स्ट्रॅक्टरला (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) पकडायला खाच असलेले हवे होते. असे बूड आयते होतेच. १९०६ चे .३०-०६ आणि १९५२ चे .३०८ विंचेस्टर या दोन्ही रायफल काडतुसांचे बूड सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचे, आणि त्यांच्या पुंगळ्या अमेरिकेत चाँदमारीच्या कोणत्याही मैदानावर वेचायला मिळतात. नवे बूड न आखता हे घेतले, हा सॅनफर्ड यांचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणावा लागेल. पिस्तुलातील फिरत्या बोल्टच्या (काडतुसामागे बंद होणाऱ्या दट्ट्याच्या) त्या देखण्या यंत्रणेचे कौतुक फार झाले. खरा जीव या बुडात आहे.

घडवण्याची रीत अशी. .३०८ ची पुंगळी साफ करून, तेलाचा हात फिरवून हातदाबयंत्रातील (प्रेस) फॉर्मिंग डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या पोलादी साच्यात, दाबतात. डायच्या वर जो भाग डोकावतो तो बारीक दात्यांच्या करवतीने कापतात आणि कानशीने डायच्या तोंडाबरोबर सपाट करतात. या डायचे तोंड इतके कडक पोलादाचे असते, की पितळ संपले की कानस नुसती घसरते. हाताला लगेच कळते. ५१ मिलिमीटरची पुंगळी ३३ मिलिमीटरवर येते. गळा (तोंडाजवळचा अरुंद भाग), खांदा (त्याखालचा उतार) आणि भिंतीचा वरचा भाग भंगारात जातो. .३०-०६ घेतली तर जवळजवळ अर्धी पुंगळी वाया.

इथपर्यंत काम सोपे. अडचण भिंतीच्या जाडीत आहे. रायफलच्या पुंगळीची भिंत तोंडाकडे पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते. जिथे ती कापली, तिथे ती पिस्तुलाला हवी त्यापेक्षा जाड असते. तशीच ठेवून १०.९ मिलिमीटरची गोळी बसवली तर तोंड फुगते आणि काडतूस चेंबरमध्ये (नळीमागच्या त्याच्या घरात) जात नाही. त्याहून वाईट म्हणजे कधी ते कसेबसे जाते. मग गोळी सुटायला भिंतीला प्रसरणाची जागाच उरत नाही आणि दाब भलताच चढतो. म्हणून पुंगळी डायमध्ये धरून आतून रीमर (भोक रुंद करणारे धारदार हत्यार) फिरवतात आणि जादा पितळ किसून काढतात. हे काम कंटाळवाणे आहे. रीमर मध्येमध्ये बाहेर काढून किस झटकावा लागतो, नाहीतर भिंतीवर आतून चरे पडतात. ही पायरी टाळून वेळ वाचवणारा माणूस पिस्तूल आणि बोटे दोन्ही पणाला लावतो.

लांबीबाबतही सूट नाही. सरळ भिंतीचे, बाहेर कडा नसलेले काडतूस चेंबरमध्ये आपल्या तोंडाच्या धारेवर टेकते. पुंगळी लांब राहिली तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही. आखूड झाली तर काडतूस पुढे सरकते आणि फायरिंग पिनचा ठोका कमकुवत बसतो. म्हणूनच गोळी पकडण्यासाठी रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाप्रमाणे तोंड आत वळवत नाहीत, किंचित निमुळते करतात. प्रायमरची (बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या लहान टोपीची) गोष्ट अशीच बारकाव्याची. रायफलचा मोठा प्रायमर पिस्तुलाच्या मोठ्या प्रायमरपेक्षा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनी उंच असतो. रायफलच्या पुंगळीतला खड्डा त्या मानाने खोल, त्यामुळे पिस्तुलाचा प्रायमर त्यात जरा आत बसतो.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. थंड अवस्थेत ओढले, दाबले की ते कडक होते आणि पुढे तडकते. तांबट ठोकून ठोकून कडक झालेले भांडे पुन्हा भट्टीत घालतो, त्याच कारणाने पुंगळीच्या तोंडाला ताव देऊन ती नरम करतात. कारखान्यात असा ताव मुख्यतः गळ्याला आणि खांद्याला दिलेला असतो, आणि इथे नेमका तोच भाग कापून टाकलेला असतो. नवे तोंड त्यामुळे मूळचेच कडक. बुडाला मात्र कधीही ताव द्यायचा नाही. तिथे पितळ मऊ पडले तर दाब सोसत नाही आणि तप्त वायू मागे फुटतो.

कडक पितळातला ताण किती दगा देतो हे ब्रिटिश लष्कराला भारतात कळले होते. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओढकामानंतर पितळात राहिलेला ताण यांचा हा जोडपरिणाम असल्याचे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले. पुंगळी ओढून झाल्यावर ताव देऊन ताण काढणे हा त्यावरचा उपाय. अमोनिया असलेल्या द्रवाने पुंगळ्या चकाकवू नयेत, हा हौशी कारागिरांचा नियम याच कारणामुळे आहे.

भारतात हा छंद म्हणून सहज शक्य नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि निर्मितीला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. महाराष्ट्रात खडकी आणि वरणगावच्या आयुध कारखान्यांत लहान शस्त्रांची काडतुसे बनतात, पण तो मामला सरकारी आणि लष्करी.

तयार काडतुसे आधी मेक्सिकोतील कार्तुचोस देपोर्तिवोस दे मेहिको या कंपनीने काढली. बुडावरचा शिक्का ‘सीडीएम’. नंतर स्वीडनच्या नॉर्माच्या पुंगळ्या आल्या आणि अलीकडे मिसूरीतील स्टारलाइनच्या. अशी पुंगळी मिळाली तर घडवत बसू नये हे उत्तम. ती मापात असते आणि रीमरची कटकट नसते. रायफलची घ्यायची झाली तर एकाच कंपनीची, शक्यतो एकाच खेपेची घ्यावी, म्हणजे भिंतीच्या जाडीत फरक पडत नाही. लष्करी ७.६२ मिमीची (.३०८ च्या लष्करी जोडीदाराची) पुंगळी फुकट मिळते, पण तिची भिंत बहुधा आणखी जाड असते, आतली जागा कमी पडते आणि प्रायमरभोवतीची दाबून बसवलेली कड आधी काढावी लागते. नागरी पुंगळीसाठीचे दारूचे प्रमाण तिला जसेच्या तसे लावणे धोक्याचे.

.४४ ऑटो मॅगचा गळा आवळून .३५७ ऑटो मॅग झाले. त्यात बाटलीसारखा खांदा असल्याने ते तोंडावर नाही तर खांद्यावर टेकते आणि लांबीचा जाच बराच कमी होतो. ताव देण्याची गरज मात्र वाढते. सुपर वेल कंपनीचे ली जुरास यांनी याच पुंगळीवर .४१ जेएमपी बेतले.

घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर जुना शिक्का तसाच राहतो. काडतूस पिस्तुलाचे आणि बुडावर ‘.३०८ विन’, हे चित्र नवख्याला गोंधळात टाकते. म्हणून भरलेल्या प्रत्येक डब्यावर काडतुसाचे नाव, मूळ पुंगळी आणि आतून रीमर फिरवला आहे की नाही, एवढे तरी लिहिण्याची पद्धत आहे. जुन्या संग्रहातून अशा सुट्या पुंगळ्या विकत घेणाऱ्याने तोंडाची जाडी मायक्रोमीटरने मोजल्याखेरीज त्या भरू नयेत.