पोर्टफोलिओ वेळेत हवा असेल तर लोकसहभागाच्या कामांची नोंद आधी ठेवा

चित्र, शिल्प, मांडणशिल्प, व्हिडिओ अशा अनेक माध्यमांत काम करणारे कलाकार आमच्याकडून पोर्टफोलिओ करून घेतात. ‘इतके दिवस का लागतात?’ हे जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. शिक्षण, शिष्यवृत्त्या, एकल आणि समूह प्रदर्शनं यांची यादी चटकन लागते. घोडं अडतं ते वस्तीत किंवा शाळेत लोकांना सोबत घेऊन केलेल्या कामांपाशी.

अशा कामाचा बहुतेकदा एकच फोटो येतो, रंगवून पूर्ण झालेल्या भिंतीचा. खाली एवढंच: ‘सामूहिक भित्तिचित्र’. कल्पना कुठून आली, रेखाटन कोणी केलं, रंगवायला कोण होतं, तुमचा वाटा कोणता, यातलं काहीच नसतं. मग विचारणा सुरू होते, आणि तोवर सहभागी मंडळी पांगलेली असतात.

या कामांत प्रक्रिया हेच अर्धं काम असतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये आदिवासी कलाकारांबरोबर ‘नलपार’ उभे केले. हातपंपाभोवतीच्या या रचनांत भांडी टेकवायला जागा ठेवली, म्हणजे पाणी उचलताना बायकांना कष्ट कमी पडतील. हा विचार आणि सोबतच्यांचा वाटा नुसत्या फोटोतून कसा कळणार? न्यूयॉर्कमध्ये मर्ल लॅडरमन युकलीस या कलाकार स्त्रीने १९७९-८० मध्ये एक कलाकृती म्हणून सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून त्यांचे आभार मानले. ते काम आज आपल्यापर्यंत पोचतं ते फोटो आणि नोंदींमुळेच.

म्हणून काम चालू असतानाच लिहून ठेवा: तारखा, बैठकीत काय ठरलं, कोणी काय केलं. चेहरा दिसणार असेल तर परवानगी घ्या, मुलांच्या बाबतीत पालकांची. अनेकांनी मिळून केलेलं काम आम्ही एकट्याच्या नावावर छापत नाही. काहींना हे खटकतं, पण आम्ही त्यावर ठाम आहोत. त्यात तुमचं काही कमी होत नाही. इतक्या जणांना एकत्र आणून काम तडीस नेणं हे मोठं कसब आहे, आणि ते पानावर दिसायलाच हवं.

बाकी नेहमीचंच. प्रत्येक कलाकृतीचं शीर्षक, माध्यम, आधी उंची मग रुंदी, साल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, तेव्हा मूळ फाइलच द्या; पूर्ण ए-४ पानावर ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

प्रकल्प सुरू होण्याआधी कळवलंत तर छायाचित्रणाची आणि नोंदींची जबाबदारी आम्ही घेतो. स्वतःच करणार असाल तर आमचा कोरा नोंदतक्ता मागून घ्या. पोर्टफोलिओ दुसरीकडे करणार असलात तरी तक्ता देऊ.