न्यूरोपॅथीच्या प्रयोगाचा फॉर्म बी: अर्ज नेमका कुठे अडतो

न्यूरोपॅथीवर (मज्जातंतूंच्या बिघाडावर) काम करणाऱ्या एम.फार्म.च्या मुलांचे फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीचे अर्ज, विज्ञान कच्चं म्हणून क्वचितच परत येतात. येतात ते रॅटच्या आकड्यामुळे आणि वेदनेच्या रकान्यामुळे.

कॉलेजचं अ‍ॅनिमल हाऊस सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती, पूर्वीची सीपीसीएसईए) नोंदलेलं हवं आणि ती नोंदणी चालू हवी. रॅट-माइसच्या प्रयोगाला कॉलेजचीच आयएईसी (प्राणी-प्रयोगांची नीतिसमिती) परवानगी देते, मोठ्या प्राण्यांचा अर्ज केंद्रीय समितीकडे जातो. फॉर्म बी, प्रोटोकॉल, गाईडची सही, ब्रीडरचं नाव हे सगळे जोडतातच.

आता आकडा. पाच गट, गटात सहा, म्हणून तीस रॅट, असं सर्रास लिहितात. पण स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह घडवणारं रसायन) दिलेला प्रत्येक रॅट मधुमेही होत नाही. ७२ तासांनी साखर ठरवलेल्या मर्यादेवर, बहुतेक जण २५० मिग्रॅ/डेसिलिटर धरतात, गेली नाही तर तो बाद. मज्जातंतू बिघडायला पुढे काही आठवडे लागतात, तेवढ्यात एखाददोन दगावतातही. हे जादा रॅट कारणासह पहिल्याच अर्जात मागा. मागाहून चार रॅटसाठी दुरुस्ती अर्ज करायचा म्हणजे पुढच्या सभेची वाट बघत बसायचं. आणि गटात सहाच का? ‘आधीच्या पेपरात सहा होते’ हे उत्तर नाही, सांख्यिकी हिशेब जोडा.

सायटिक नर्व्हभोवती (मागच्या पायाच्या मोठ्या मज्जातंतूभोवती) चार सैल गाठी बांधायचं मॉडेल (बेनेट आणि शिए, १९८८) घेणारे वेदनाशामकाच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. अहो, तिथेच तर तो लागू आहे! भूल कोणती, डोस किती, नंतर वेदनाशामक का देता येत नाही, वजन किती घटलं किंवा रॅट स्वतःचा पाय कुरतडू लागला तर काय करणार, हे सगळं लिहा. हॉट प्लेट (वेदनेची प्रतिक्रिया मोजायची तापती पट्टी) ५५ अंशांवर ठेवणार असाल तर किती सेकंदांनी रॅट उचलणार तेही लिहा, नाहीतर पंजा भाजतो. भुलेसाठी ईथर लिहिलंत तर समितीतले पशुवैद्य पुढचं पान उलटणार नाहीत.

नोटिशीतली तारीख सभेची असते, अर्जाची मुदत त्याआधीच संपते. शिवाय सीसीएसईएचे नॉमिनी (तिने समितीवर नेमलेले प्रतिनिधी) आले नाहीत की सभाच पुढे ढकलली जाते, आणि विद्यापीठाची थीसिसची तारीख मात्र जागची हलत नाही! म्हणून सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) ठरला की लगेच फॉर्म भरायला घ्या. मंजुरीआधी एकही इंजेक्शन देऊ नका. मागल्या तारखेची मंजुरी मिळत नाही, आणि जर्नल मंजुरी क्रमांक मागतंच.